परकीय मदतीचे आकडे: देशांची तुलना करायची कशी?

सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांना आणि कॉलेजात अर्थशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्यांना हा विषय हमखास भेटतो. बहुतेक जण जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून तक्ता उतरवून घेतात, उतरता क्रम लावतात आणि निष्कर्ष काढून मोकळे होतात. त्या क्रमावर विसंबू नका.

आधी काय मोजलंय ते पाहा. अधिकृत विकास साहाय्य, म्हणजे ओडीए, यात सरकारांनी आणि सरकारी संस्थांनी विकासासाठी दिलेलं अनुदान आणि सवलतीचं कर्ज येतं. लष्करी मदत, परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेले पैसे, खासगी देणग्या यात येत नाहीत. जागतिक बँकेचं प्रत्येक कर्जही येत नाही. कोयना जलविद्युत प्रकल्पाला साठच्या दशकात या बँक गटाने कर्ज दिलं होतं. असं कर्ज दिसलं की ते गटातल्या कोणत्या संस्थेचं, ते आधी तपासा. आयडीए ही गटातली गरीब देशांना सवलतीने पैसे देणारी संस्था; तिचं सवलतीचं कर्ज ओडीएत धरतात. आयबीआरडी ही बाजारभावाच्या जवळपास कर्ज देणारी संस्था; तिचं सहसा नाही. भारत 2014 मध्ये आयडीएच्या यादीतून बाहेर पडला.

आता फाइल. 'नेट ओडीए रिसीव्ड' (मिळालेलं निव्वळ ओडीए) हा निर्देशांक सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवा. वरच्या चार ओळी सोडा, शीर्षकं पाचव्या ओळीत असतात. देशांच्या यादीतच 'साउथ एशिया', 'वर्ल्ड' अशा गटांच्या ओळी मिसळलेल्या असतात. सगळा रकाना बेरजेला घेतला तर तीच रक्कम अनेकदा मोजली जाते. सोबतच्या देश-माहितीच्या फाइलमध्ये 'रीजन'चा रकाना जिथे रिकामा, ती ओळ गटाची समजा. तीन अक्षरी देश-कोडवरून व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातली जुळणारी माहिती आणणारं एक्सेलचं सूत्र) लावा आणि गट गाळून टाका. रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे, तिथे 0 भरू नका.

सगळ्यात जास्त घोळ 'नेट' या शब्दामुळे होतो. वर्षभरात आलेल्या रकमेतून जुन्या कर्जाचं परत केलेलं मुद्दल वजा करतात, व्याज नाही. समजा 100 कोटी डॉलर आले आणि 60 कोटींचं मुद्दल फेडलं, तर तक्त्यात 40 कोटीच दिसतील. त्यामुळे चीनचे अलीकडचे आकडे उणे दिसतात. भारताच्या बाबतीत हे विशेष सांभाळा, कारण आपल्याकडे मोठा वाटा कर्जाचा आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज 0.1 टक्के व्याजाचं, 50 वर्षांचं, पहिली 15 वर्षं मुद्दलफेड नाही. म्हणजे आज आकडा फुगतो, पुढे परतफेड सुरू झाली की घटतो. म्हणून ढोबळ (परतफेड वजा न केलेला) आणि निव्वळ असे दोन रकाने शेजारी ठेवा. ढोबळ आकडे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या तक्त्यांत मिळतात. ते दशलक्ष डॉलरमध्ये असतात, जागतिक बँकेचे पूर्ण डॉलरमध्ये. 1 दशलक्ष म्हणजे 10 लाख, 1 अब्ज म्हणजे 100 कोटी. ही एक चूक अख्खा तक्ता नासवते.

मग भागाकार. माणशी किती मिळाले हे पाहायचं तर लोकसंख्येने भागा; अर्थव्यवस्था मदतीवर किती टेकली आहे हे पाहायचं तर सकल राष्ट्रीय उत्पन्नाने. तुवालूची लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, म्हणून दरडोई यादीत असे बेटदेश वर येतात.

प्रदेशाची सरासरी काढताना देशांच्या दरडोई आकड्यांची सरासरी घेऊ नका. 10 लाख लोकांच्या देशाला 1 कोटी डॉलर आणि 10 कोटी लोकांच्या देशाला 10 कोटी डॉलर मिळाले, तर साधी सरासरी 5.5 येते. खरं उत्तर 11 भागिले 10.1, म्हणजे सुमारे 1.09 डॉलर.

एकाच वर्षावर भिस्त ठेवू नका. 2005 मध्ये इराकचा आणि 2006 मध्ये नायजेरियाचा आकडा कर्जमाफीमुळे एकदम उसळला. तीन वर्षांची सरासरी घ्या आणि वर्षावर्षांची तुलना स्थिर किमतींतच, म्हणजे महागाईचा परिणाम काढून टाकलेल्या आकड्यांतच, करा. दात्यांच्या एकूण रकमेशी ताळा जुळवायला जाऊ नका: 2018 पासून दात्यांचा मुख्य आकडा अनुदान-समतुल्य पद्धतीने, म्हणजे कर्जातला फक्त सवलतीचा भाग धरून, काढतात, शिवाय दात्यांचा प्रशासकीय खर्च आणि त्यांच्याच देशातल्या निर्वासितांवरचा खर्च कुठल्याच देशाच्या नावावर पडत नाही.

तक्त्याखाली निर्देशांकाचं नाव, चालू की स्थिर किमती आणि फाइल उतरवल्याची तारीख लिहा. मागच्या वर्षांचे आकडेही नंतर सुधारले जातात.