उन्हाळी लागली की परमा झाला, कसं ओळखायचं अन् मग काय करायचं

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला अन् लघवीला आग झाली की घरचे एकच म्हणतात, उन्हाळी लागली, सब्जा पी, धने-जिऱ्याचं पाणी पी. बहुतेक वेळा ते खरंही असतं, दिवसभर वावरात पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते अन् जळजळते, भरपूर पाणी पिलं की एक-दोन दिवसात उतरते. पण आगीसोबत लिंगातून पिवळा-पांढरा पू येत असेल, चड्डीला डाग पडत असतील, तर भाऊ ती उन्हाळी नाही, तो परमा असू शकतो, म्हणजे गनोरिया. शरीरसंबंध आल्यावर साधारण २ ते १४ दिवसात हे दिसायला लागतं. हा जंतूनं होणारा आजार आहे, अंगातल्या उष्णतेनं होत नाही, सार्वजनिक संडासातून नाही, एका ताटात जेवून तर नाहीच नाही.

बायांचं वेगळं आहे अन् इथंच लय नुकसान होते, काहून की पुष्कळ जणींना काहीच त्रास जाणवत नाही. जाणवलाच तर अंगावरून पिवळसर किंवा वास येणारं जाते, ओटीपोटात दुखते, मधेच रक्त दिसते, अन् पांढरं जाणं तर बाईच्या जातीला असतेच म्हणून ती अंगावर काढते. तोवर जंतू वर गर्भनळीपर्यंत जातो, नळ्या बंद होऊ शकतात, मग मूल होत नाही म्हणून सासरचे तिलाच बोलतात, नवऱ्याची तपासणी कोणी करतच नाही. मला याचा मनापासून राग येतो.

आता करायचं काय, तर मेडिकलवरून अंदाजे दोन गोळ्या घेऊ नका, झोलाछाप डॉक्टरकडे तर जाऊच नका. परम्याचा जंतू जुन्या बऱ्याच औषधांना दाद देत नाही, अर्धवट गोळ्यांनी पू थांबतो अन् आजार आतच राहतो. जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक, म्हणजे गुप्तरोगांचा दवाखाना, असते, तिथं तपासणी अन् औषध फुकट मिळते, नाव बाहेर जात नाही. जायच्या आधी विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, तोही फुकट आहे. गेलेच आहात तर एचआयव्ही अन् गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी पण करून घ्या, हे आजार जोडीनं येऊ शकतात.

औषध दोघांनाही पाहिजे, बायकोला त्रास नसला तरी. एकट्यानं घेतलं तर तिच्याकडून परत तुम्हाला होते. सांगायला जीभ रेटत नसेल तर क्लिनिकमधल्या समुपदेशक ताईला मदत मागा, त्यांचं ते रोजचं काम आहे. दोघांचं औषध झाल्यावर निदान ७ दिवस संबंध नाही.

पुढं होऊ नये म्हणून निरोध, दर वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट मिळतो. फक्त तो गाडीच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात महिनाभर ठेवू नका, आपल्या उन्हानं रबर खराब होते, अन् खोबरेल तेल लावलं तर फाटतो.

बायको गरोदर असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, बाळंतपणात हा जंतू बाळाच्या डोळ्यात जाऊ शकतो अन् उपचार झाला नाही तर नजर जाऊ शकते, म्हणून तपासणीच्या वेळी नर्सबाईला स्वतःहून सांगा.