जुन्या पोस्टकार्डांतून गावाचा इतिहास कसा जुळवावा

वाडा पाडायला काढला की माळ्यावरून, कोनाड्यातून लोखंडी तारेला टोचलेली पोस्टकार्डे बाहेर येतात. बहुतेक वेळा ती रद्दीत जातात. कधी एखादा हौशी माणूस तिकिटांसाठी चार-दोन कार्डे वेचून घेतो आणि बाकीची सोडून देतो. नुकसान दोन्हीकडे सारखेच. तालुक्याच्या गावाबद्दल गॅझेटियरमध्ये फार तर दोन-तीन पाने असतात: लोकसंख्या, बाजाराचा वार, देवळे, नदी. त्या गावात ज्वारी कशी विकली जात होती, साथीत कोण कुठे राहायला गेले, मुलगी कोणत्या गावाला दिली, हे कार्डांवर असते. एकट्या कार्डाला फारसा अर्थ नसतो. एका घराचा पूर्ण गठ्ठा, मूळ क्रमासह, हाती आला तर त्यातून गाव उभे राहते. म्हणून पुढची सगळी मेहनत आधी तो क्रम वाचवण्यासाठी आहे.

१. तार सोडवण्याआधी

कार्ड वाचून झाले की तारेच्या टोकदार आकड्यातून खाली सरकवायचे, ही घरोघरची पद्धत होती. त्यामुळे नवे कार्ड वर आणि जुने तळाशी असते. ज्या कार्डावर तारीख नाही, तिकीट फाटले आहे, शिक्का पुसट आहे, त्याचा काळ वरच्या-खालच्या कार्डांवरून कळतो. तार उपसून कार्डे टेबलावर पसरली की हा पुरावा कायमचा गेला.

आधी गठ्ठ्याचे चारही बाजूंनी फोटो घ्या. मग पक्कडीने वरचा वाकवलेला आकडा कापून टाका. तो सरळ करायला जाऊ नका, गंजलेली तार मोडते आणि वरची कार्डे फाटतात. तारेच्या मोकळ्या भागावरचा गंज कोरड्या फडक्याने पुसा. एकेक कार्ड भोकाच्या दोन्ही बाजूंना बोटांचा आधार देऊन वर काढा. काढल्याबरोबर पत्त्याच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने हलका क्रमांक घाला: ००१, ००२, ००३. बॉलपेन किंवा स्टिकर वापरू नका. मध्ये मनीऑर्डरची पावती, लग्नपत्रिका, सावकाराची चिठ्ठी निघाली तर तिलाही त्याच मालिकेतला क्रमांक द्या.

गठ्ठा पेटीत किंवा पिशवीत असेल तर क्रम भरवशाचा नसतो, तरी सापडला तसाच क्रमांक घाला. कोणी काय एकत्र ठेवले होते, हेही नंतर उपयोगी पडते.

२. स्वच्छता

मऊ ब्रशने धूळ झटका आणि तेवढ्यावर थांबा. पाणी, ओले फडके, स्पिरिट काहीही नको. त्या काळी कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. तिचे अक्षर कोरडे असताना करडे दिसते आणि ओल लागली की जांभळे होऊन पसरते. एका थेंबात दोन ओळी जातात. तिकीट वाफेने सोडवू नका. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत निघत नाही.

कसर किंवा वाळवीची शंका असेल तर कार्डे दोन पॉलिथिन पिशव्यांत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर कार्डांवर दव धरते. फोटो चिकटवलेल्या किंवा फोटोच्या कागदावरच्या कार्डांना हा उपाय करू नका.

३. स्कॅन

दोन्ही बाजू, रंगीत, ६०० डीपीआय, टिफ स्वरूपात. १४ × ९ सेंटिमीटरच्या कार्डाची एक बाजू साधारण २१ एमबी होते, म्हणजे २०० कार्डांना साडेआठ जीबी जागा धरा. स्कॅनरची आपोआप उजळ करण्याची आणि कडा कापण्याची सोय बंद ठेवा. कडेवरचा हळदीकुंकवाचा डाग, फाडलेला कोपरा, भोकाभोवतीचा गंज हे सगळे दिसले पाहिजे. फाइलला कार्डाचाच क्रमांक द्या, पत्त्याच्या बाजूला ‘अ’ आणि मजकुराच्या बाजूला ‘ब’.

पुसट पेन्सिलीचे अक्षर किंवा शिक्का वाचायचा असेल तर खोलीत अंधार करून कार्डाच्या अगदी कडेने टॉर्च धरा आणि वरून फोटो घ्या. दाबलेल्या रेषांची सावली पडते आणि जे स्कॅनमध्ये आले नाही ते वाचता येते.

४. काळ ठरवणे

इथे घाई केली तर पुढचे सगळे चुकते. कार्डाचा काळ किमान दोन वेगळ्या खुणांवरून ठरवावा.

*छापील तिकीट.* भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, किंमत पाव आणा. १९२२ मध्ये दर अर्ध्या आण्यावर गेला. त्यामुळे पाव आण्याच्या कार्डावर जास्तीचे तिकीट चिकटवलेले दिसले तर दरवाढीनंतर जुना साठा वापरल्याची शक्यता आधी तपासा. व्हिक्टोरिया राणीचे चित्र १९०२ च्या सुमाराला गेले, मग एडवर्ड सातवा, १९११ पासून पंचम जॉर्ज, १९३७ पासून सहावा जॉर्ज. घारापुरीच्या त्रिमूर्तीचे हिरवे कार्ड स्वातंत्र्यानंतरचे. ‘नये पैसे’ असे छापले असेल तर ते १९५७ नंतरचे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्याची छापील चौकट असलेले कार्ड त्याआधीचे असूच शकत नाही. पण लक्षात ठेवा, तिकिटावरून ‘याच्या आधी नाही’ एवढेच कळते. लोक घरात कार्डे साठवून ठेवत आणि वर्षांनी वापरत.

*शिक्के.* चांगल्या कार्डावर दोन शिक्के असतात: टाकले तिथला आणि पोचले तिथला. दोन्ही नोंदवा. दोहोंतले अंतर म्हणजे त्या वर्षी त्या दोन गावांमध्ये टपालाला लागलेला वेळ. पावसाळ्यात हा वेळ वाढलेला दिसला तर नदीवर पूल नव्हता, रस्ता बंद होता, असा धागा मिळतो. ‘आर. एम. एस.’ म्हणजे रेल्वे टपाल. त्याचा शिक्का असेल तर कार्ड रेल्वे टपालातून गेले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला बार्शीला, १९०६ ला पंढरपूरला आणि १९११ ला लातूरला पोचली. त्या पट्ट्यातल्या गठ्ठ्यात या वर्षांच्या आधीचे आणि नंतरचे शिक्के शेजारी ठेवले की गाडीने गावाला काय दिले ते आकड्यांत मांडता येते.

*पत्ता.* ‘जि. कुलाबा’ लिहिले असेल तर बहुधा १९८१ च्या आधीचे, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ‘पूर्व खानदेश’ आणि ‘पश्चिम खानदेश’ १९०६ नंतरचे. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ चे, लातूर १९८२ चा. मात्र वयस्क माणसे जुने नाव पुढे कितीतरी वर्षे लिहीत राहतात. त्यामुळे नव्या नावाचा पुरावा पक्का आणि जुन्या नावाचा कच्चा समजा.

*तिथी.* मजकुरात ‘शके १८४० आश्विन शु॥ ५’ असे असेल तर ७८ मिळवून १९१८. पण शक चैत्रात सुरू होतो. त्याच शके १८४० चा माघ इसवी सनात १९१९ चा फेब्रुवारी येतो, तिथे ७९ मिळवावे लागतात. सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. पौषाची तिथी आली की जुने पंचांग किंवा पोस्टाचा शिक्का बघितल्याशिवाय वर्ष लिहू नका. संवत्सराचे नाव दिले असेल तर फार चांगले, ते साठ वर्षांनी एकदाच येते. शके १८४० म्हणजे कालयुक्त. गुजराती पेढ्यांच्या कार्डांवर विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो: दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, पुढे ५६ वजा.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या राज्याची वेगळी कार्डे मिळतील. हैदराबाद संस्थानाचे टपाल खाते १९५० पर्यंत वेगळे होते. त्या कार्डांवरच्या फसली सनात (संस्थानाचा सरकारी सन) ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१ मिळवा. फसली १३५७ हे पोलीस कारवाईचे, म्हणजे सप्टेंबर १९४८ चे वर्ष.

५. मजकूर वाचणे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बरीच कार्डे मोडीत आहेत. मोडीत शिरोरेघ आधी ओढलेली असते आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, म्हणून नवशिक्याला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे तेच कळत नाही. वाचन मायन्यापासून सुरू करा. ‘रा. रा.’, ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, ‘इकडील सर्व क्षेम’ हे ठरलेले शब्द आपल्याला आधीच ठाऊक असतात. त्यांच्यावरून त्या माणसाचा ‘क’, ‘स’, ‘न’ ओळखीचा करून घ्या आणि मग मधल्या मजकुराकडे वळा. एकाच हाताची सगळी कार्डे सलग वाचा. दहाव्या कार्डापर्यंत अक्षर बसते. अडलेच तर मोडीचे वर्ग घेणाऱ्यांना दाखवा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या संस्थांमध्ये जाणकार भेटतात.

उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. न वाचलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंसात टिंबे द्या. अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह लावा. ‘पायली’, ‘मण’, ‘शेर’ यांचे किलो करू नका. पायलीचे माप गावोगाव वेगळे होते, त्यामुळे रूपांतर केलेला आकडा चुकीचा आणि वर पक्का भासणारा होतो.

मजकुरात काय नाही, हेही पाहावे लागते. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डावर वर ‘श्री’ लिहीत नसत, कोपरा फाडून टाकत, आणि वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवत नसत. म्हणून १८९७ च्या प्लेगच्या किंवा १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या वर्षात गठ्ठ्यात मृत्यू दिसले नाहीत तरी गाव वाचले असा निष्कर्ष काढू नका. त्याऐवजी आडव्या खुणा शोधा: ‘गावाबाहेर झोपडीत आहो’, ‘शाळा बंद’, ‘बाजार भरला नाही’, एखाद्याचे नाव पुढच्या कार्डांतून नाहीसे होणे, किंवा घरच्या पत्रांवर अचानक दुसऱ्याच हाताचे अक्षर दिसू लागणे. अशा मुक्या जागा वाचणे हेच या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे कौशल्य आहे.

जबाबी जोडकार्डांत, म्हणजे विचारणेचे आणि उत्तराचे कार्ड एकत्र जोडलेले असते त्यांत, एक फसगत ठरलेली. उत्तराचा भाग ज्याने विचारणा केली त्याच्या घरी परत येतो, पण पत्ता बहुधा त्याने स्वतःच आधी लिहून ठेवलेला असतो. म्हणजे पत्ता एकाच्या हातचा आणि मजकूर दुसऱ्याच्या. हस्ताक्षर जुळवताना हे ध्यानात ठेवा. गठ्ठ्यात उत्तराचा भाग कोराच राहिलेला मिळाला तर तसे नोंदवा, कोणी तरी उत्तर दिले नाही हीही माहितीच आहे.

६. चित्रांची कार्डे

छापील चित्रकार्डे मुख्यतः माथेरान, महाबळेश्वर, लोणावळा, देवळाली, नाशिकचे घाट अशा ठिकाणांची निघाली, कारण घेणारा गिऱ्हाईक तिथे होता. बाकी गावांत असलीच तर स्थानिक स्टुडिओने फोटोच्या कागदावर काढलेली थोडी कार्डे. दोन्हींतला फरक दहापट भिंगातून कळतो. छापील चित्र बहुधा ठिपक्यांचे बनलेले असते. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, आणि त्यात दुकानाची पाटी मोठी करून वाचता येते.

अशा कार्डाला तीन तारखा असतात: फोटो काढला ती, कार्ड छापले ती आणि टपालात पडले ती. तिन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा. काचेच्या एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षे कार्डे छापली जात. माथेरानच्या कार्डात छोटी आगगाडी दिसली तर फोटो १९०७ नंतरचा, मात्र गाडी न दिसल्याने तो आधीचा ठरत नाही. मजकूर चित्राच्याच बाजूला कोंबलेला आणि मागे फक्त पत्त्याची जागा असेल तर कार्ड विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे किंवा त्याआधीचे. ‘जर्मनीत छापले’ असे असल्यास बहुधा १९१४ च्या आधीचे. रंगांवर विश्वास ठेवू नका, ते परदेशात बसून भरलेले असत. छपराचा लाल आणि साडीचा हिरवा हा पुरावा नव्हे.

७. तक्ता आणि नकाशा

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक कार्ड: क्रमांक, पाठवल्याचे गाव, पोचल्याचे गाव, दोन्ही शिक्क्यांच्या तारखा, मजकुरातली तिथी, लिहिणारा, घेणारा, नाते, लिपी, विषय, आणि काळ कशावरून ठरवला ते. हा शेवटचा रकाना कधी मोकळा सोडू नका, पाच वर्षांनी दुसरा माणूस तपासायला बसेल तेव्हा त्याला तोच लागेल.

मग गावे नकाशावर मांडा आणि व्यापाराची कार्डे एका रंगात, नात्याची दुसऱ्या रंगात दाखवा. गावाचा व्यापार ज्या पेठेशी, सोयरीक त्याच दिशेला असे क्वचितच असते. दोन्ही जाळी वेगळी काढली की गाव कोणत्या बाजूला तोंड करून होते ते दिसते.

कार्डातले प्रत्येक विधान बाहेरच्या एका कागदाशी ताडून पाहा: नगरपालिकेचे ठराव, शाळेचे जनरल रजिस्टर, मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, त्या काळचे वर्तमानपत्र. पत्र लिहिणारा भाव वाढवून सांगतो, तब्येत लपवतो, उधारी कमी दाखवतो. दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन्ही नोंदवा.

८. ठेवण आणि वाटप

प्रत्येक कार्ड पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात उभे, आम्लविरहित कागदाच्या डब्यात. अल्बमची मऊ पीव्हीसी पाकिटे नकोत, ती काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढून घेतात. रबरबँड आणि स्टेपल नको. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या कार्डांना लागतील अशा ठेवू नका.

नेटवर टाकण्याआधी घरच्यांची लेखी परवानगी घ्या. हयात माणसांचे आजार, मोडलेली सोयरीक, कर्ज, जातीवरून झालेली भांडणे असलेली कार्डे वगळा किंवा नावे झाका, आणि वगळलेल्या कार्डांची संख्या तक्त्यात लिहून ठेवा. स्कॅनची एक प्रत घरच्यांना, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयाला आणि एक गावाबाहेर कुठेतरी. मूळ कार्डे संस्थेला देणार असाल तर ‘संग्रह फोडू नये, मूळ क्रमांक बदलू नयेत’ ही अट देणगीपत्रात लिहून घ्या.