वृद्धाश्रम बघायला जायचंय? मे महिन्याच्या दुपारी, न सांगता जा

आमची फुई, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, ८१ वर्षांची. पोटी लेकरू नाही, पडून खुब्याचं हाड मोडलं आणि गावी एकटीनं राहणं जमेना, आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीला, म्हणून मागच्या उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडचे पाच-सहा वृद्धाश्रम पायाखाली घातले. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आधी फोनवरच एक विचारा, माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवाल का घेऊन जा म्हणाल? बरेच वृद्धाश्रम फक्त हिंडत्या-फिरत्या माणसांनाच घेतात, डायपर लागला की घरच्यांना फोन येतो. म्हातारपण काय एका जागी थांबत नाही, म्हणून हे आधीच क्लिअर करा, तुमची फेरी वाचेल.

मग बघायला जा, पण कळवून नाही. वेळ घेऊन गेलं की ऑफिसात चहा मिळतो आणि चादरी कालच बदललेल्या असतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दुपारी दीड-दोनला जा. कूलर नुसता ठेवलाय का त्यात पाणी पण आहे, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात का, नळाला किती दिवसाआड पाणी येतं आणि टाकी केवढी आहे, सगळं विचारा. एका ठिकाणी खोली चकाचक होती, पण एक आजी पलंगावर पडलेल्या आणि पाण्याचा पेला पार खिडकीत, त्यांचा हात पोचणार नाही असा. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली नीट कळत नाही, त्यात पेला लांब, मग उन्हाळ्यात काय होणार सांगा. मी तिथूनच परत फिरलो.

रात्रीचं विचारायला लोक विसरतात. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात, ती जागी असतात का झोपलेली, बेल वाजवली तर कोण येतं. पडून असणाऱ्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, ते रात्री कोण करतं? संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडा आहे का ते स्वतः आत जाऊन बघा.

जेवण चाखाच. कवळी लावणाऱ्याला भाकरी दुधात, डाळीत मऊ करून देतात का? आणि अजून एक, आमची फुई आजारी पडली की फक्त अहिराणीच बोलते, "माले पानी दे" हे समजणारी बाई तिथं पाहिजे ना! एका ठिकाणची मावशी अमळनेरकडची निघाली, फुईशी तिच्याच बोलीत गप्पा मारत बसली, माझं मन तिथंच बसलं.

कागदाचं पक्कं करा. डिपॉझिट किती आणि माणूस मधेच घरी नेला तर किती परत, दवाखान्यात कोण नेणार, औषधं-डायपरचा खर्च वेगळा का, सगळं लेखी घ्या. वय ७० च्या पुढं असेल तर आयुष्मान कार्ड काढून सोबत द्या, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आणि घर, शेत कोणाच्या नावावर करायची घाई अजिबात करू नका. सांभाळायची अट लिहून बक्षीसपत्र केलं आणि नंतर सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं ते रद्द करता येतं, त्यासाठी प्रांताधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. काही अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

शेवटची निवड म्हाताऱ्या माणसालाच करू द्या. फुईला आम्ही दोन जागा दाखवल्या, तिनं जुनी ओसरी आणि दारात कडुलिंब असलेली घेतली, दुसरीकडं एसी होता तरी. आधी पंधरा दिवस राहून बघितलं, मग पैसे भरले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आणतो. मधे जातो तेव्हा वेळ मुद्दाम बदलतो, कधी सकाळी, कधी दिवेलागणीला, आणि खोलीत शिरल्यावर पहिले पाण्याचा पेला कुठं ठेवलाय ते बघतो.