अंगावर काय उठलंय, ते डॉक्टरांना नीट कसं सांगावं

"डॉक्टर, अंगावर काहीतरी उठलंय. अ‍ॅलर्जीच असणार." फोनवरचं हे वाक्य मला आता पाठ झालंय. घामोळं असो, खरूज असो की गजकर्ण, आपल्याकडे सगळ्याची अ‍ॅलर्जी होते. खरं तर आपल्या आज्यांकडे यासाठी शब्दांची कमतरता नव्हती: पुरळ, पुळी, फोड, गळू, गांधी, चट्टा, चामखीळ, खपली. मला हेच शब्द हवे असतात. रोगाला नाव ठेवायचं काम माझ्याकडे राहू द्या, तुम्ही फक्त दिसतं ते सांगा.

आधी उजेडात या. दिवसा, खिडकीपाशी. हळद, गेरू, आमसुलाचं पाणी, जांभळं औषध, जे काही लावलं असेल ते हलक्या हाताने धुऊन टाका. रंगाखालची कातडी मला दिसत नाही. सावळ्या अंगावर लाली लाल दिसेलच असं नाही, ती जांभळट किंवा काळपट दिसते. म्हणून दुसऱ्या हातापायाची तीच जागा शेजारी ठेवून पाहा आणि हाताची मागची बाजू लावून ती जागा गरम लागते का ते बघा.

मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. बोटाला काहीच कळलं नाही तर तो सपाट डाग, मोठा असेल तर चट्टा. वांग, कोड, शिबं यांतलीच. बोट अडखळलं तर उंचवटा. तो १ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे की पसरट, वरवरचा आहे की खोल गाठ, हे सांगा. आत पाणी दिसतंय, पू दिसतोय की नुसतंच घट्ट आहे? पाण्याचा फोड फोडून दाखवायला आणू नका. अख्खा फोड खूप काही सांगतो.

गांधी ओळखायला बॉलपेन पुरतो. उठलेल्या एका गांधीभोवती रेघ काढा, वेळ लिहून ठेवा. पित्ताची गांध २४ तासांच्या आत तिथून नाहीशी होते आणि दुसरीकडे उठते. दुसऱ्या दिवशीही रेघेच्या आत तीच, तशीच असेल तर प्रकरण वेगळं आहे. पायावर लाल, गरम, दुखरी सूज असेल तर तिच्याही कडेने रेघ काढा. सूज रेघ ओलांडून पुढे गेली तर थांबू नका.

कडेकडे फार कमी लोक बघतात, आणि तिथेच तर गंमत असते. गजकर्णाची कड उंच, खवल्यांची, आणि मधली जागा निवळत आलेली. पण मेडिकलमधून न विचारता आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चोळली की दोन दिवसांत खाज थांबते, कड पुसट होते आणि बुरशी मजेत पसरत राहते. अशी मळकट, बिनचेहऱ्याची गजकर्णं पाहून माझाही गोंधळ होतो, मग खवले खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवावे लागतात. तेव्हा लाजू नका, ती ट्यूब सोबत आणा.

आता मांडणी. पुरळ विखुरलेलं आहे, झुपक्याने आहे की पट्ट्यात? नागीण अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात येते. आधी आग किंवा दुखणं, मग पाण्याच्या फोडांचे झुपके. नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो, हे गावोगाव ऐकलंय. तसं काही नसतं. मात्र औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालं तर खरा उपयोग होतो, आणि तेवढे तास गेरू लावण्यात जातात. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती शोधा. रात्री खाज वाढते आणि घरातले बाकीचेही खाजवत असतात.

फिकट किंवा तांबूस चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहून जातो. कापसाची बारीक वात करून डोळे मिटलेल्या माणसाला त्यावर अलगद टेकवा. शेजारच्या कातडीवर कळतं आणि चट्ट्यावर कळत नाही, असं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट आहे. ६ किंवा १२ महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो.

तीळ बहुतेक निरुपद्रवी असतात. आकार वेडावाकडा, कड फाटकी, रंग दोन-तीन, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर किंवा अलीकडे बदलत चाललेला, असा असेल तर दाखवा. आपल्या लोकांत तळपाय आणि नखंही पाहायला विसरू नका.

लाल ठिपक्यांवर स्वच्छ काचेचा ग्लास दाबा. लाली विरली तर ठीक. विरली नाही तर कातडीखाली रक्त उतरलंय. सोबत ताप असेल तर फोन नको, थेट दवाखाना. गांधींबरोबर ओठ, पापण्या सुजल्या किंवा दम लागला, नवीन औषधानंतर कातडी सोलू लागली आणि तोंडात फोड आले, तरी तसंच.

फोटो पाठवणार असाल तर दोन पाठवा: एक लांबून, शरीराचा कुठला भाग ते कळेल असा, एक जवळून, शेजारी रुपयाचं नवं नाणं ठेवून. ते साधारण २० मिलिमीटरचं असतं, माप आपोआप मिळतं. फ्लॅश बंद.

गेल्या महिन्यात एका बाईंचा निरोप आला: "यांना परवापासून उजव्या बगलेखाली आग होत होती. आज सकाळी तिथे पाण्याचे बारीक फोड दिसले, झुपक्याने. पाठीच्या कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत पट्टा आहे, डावीकडे एकही नाही. काही लावलेलं नाही. वय ६१, शुगरची गोळी चालू." फोटो उघडायच्या आधीच मी लिहिलं: "आत्ता घेऊन या."