पूर्ण जबड्याचे इम्प्लांट बसवल्यावर खाण्यातल्या या चुका टाळा

जबड्यात चार किंवा सहा इम्प्लांट, म्हणजे हाडात पिळून बसवलेली कृत्रिम मुळं, आणि त्यांवर स्क्रूने बसवलेले ॲक्रिलिकचे (कडक प्लास्टिकचे) एकसंध तात्पुरते दात. पंधरा दिवसांत सूज उतरते, टाके जातात, दुखणं थांबतं. मग तिसऱ्या आठवड्यात ताटात पोळी येते. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी इम्प्लांट केवळ हाडात घट्ट पिळल्यामुळे टिकलेला असतो. पुढच्या आठवड्यांत भोवतालचं जुनं हाड झिजत जातं आणि नवं अजून कच्चं असतं. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत कमी असते, आणि नेमकं तेव्हाच काही दुखत नसतं. चावताना इम्प्लांट पुन्हापुन्हा ०.१ ते ०.१५ मिलिमीटरहून जास्त हलला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि तो कधीच रुजत नाही. ‘मी हळूच चावतो’ यावरही विसंबू नका. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवतीचा दाब ओळखणारा पडदा इम्प्लांटला नसतो, त्यामुळे जोर किती लागला ते नीट कळतच नाही.

पुढे काय होतं, तेही ठरलेलं आहे. पाचव्या आठवड्यात लग्नाचं जेवण. पुरी ‘मऊच होती’. दोन दिवसांनी टक् असा आवाज येतो आणि तात्पुरत्या दातांत मागच्या बाजूला केसाएवढी चीर दिसते. दुखत नाही म्हणून दोन आठवडे तसेच जातात. सगळ्या इम्प्लांटवर भार वाटून देण्याचं काम ते अखंड दात करत असतात. चीर गेली की टोकाचा इम्प्लांट एकटा भार सोसतो. मग एक्स-रेत त्याच्याभोवती काळी रेघ दिसते. तो काढायचा, हाड भरू द्यायचं, आणि पुन्हा काही महिने थांबायचं. चीर किंवा हालचाल जाणवली, की त्याच दिवशी चावणं बंद करून पातळ खा आणि डॉक्टरांना फोन करा. घरच्या गोंदाने चिकटवलेले दात पुढे नीट दुरुस्तही करता येत नाहीत.

आमची कसोटी साधी आहे: अंगठा आणि तर्जनीत धरून सहज चुरडतं तेच तोंडात घालायचं. पहिले दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, नंतर निदान तीन महिने गुरगुट्या भात, मऊ खिचडी, वाफवलेला लाल भोपळा, काटे काढलेलं पापलेट. पोळी दुधात किंवा वरणात पूर्ण विरघळली तरच. हाड जुळायला तीन ते सहा महिने लागतात, ते कुणाच्या घाईने लवकर जुळत नाही.

दुसरी चूक पेजेची. मऊ भात, तूप, मेतकूट हे आजारपणाचं जेवण म्हणून उत्तम, पण चमचाभर मेतकुटात जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं असतात. जखम भरायला साठ किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम लागतात. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम मूगडाळ १२, वाटीभर दही ७. बेरीज ६५. पनीर वाटून वरणात मिसळा, लागतही नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या. मधुमेहींनी नुसती पेज आणि फळांचे रस टाळावेत. खाणं कमी झालं तर इन्सुलिनचा डोस आधी विचारून घ्यावा.

स्ट्रॉ नको, ओढण्याने रक्ताची गुठळी सुटते. पहिल्या दिवशी गरम चहाही नको. फोडणीतली मोहरी, तीळ, खसखस, अंजीर, पेरू: बारीक बिया टाक्यांत अडकतात, म्हणून फोडणी गाळूनच घाला. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर गोळी आधी, दूध-दही निदान दोन तासांनी. मिश्री, तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद; ‘एकच’ सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवा आणि खाली सोडून द्या. जोराने खळखळून चूळ भरू नका.