मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग करताय? या चुका टाळा

जानेवारी ते एप्रिल या दिवसांत गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर दुपार कलू लागली की वायव्येचा खारा वारा धरतो आणि मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात काइट, म्हणजे पायाखालच्या बोर्डवरून माणसाला पाण्यावर ओढत नेणारे मोठे पतंग, वर चढू लागतात. काइटसाठी राखीव जागेची पाटी असो वा नसो, त्या दुपारी तुमची हद्द ठरते ती वारा, पोहणारे, कासवं आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) यांच्यावरून. ती ओळखता आली नाही की घोटाळे होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा झेंड्यांचा. जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे रोवतात, पोहणाऱ्यांनी त्या दोन झेंड्यांच्या मधे राहायचं असतं. तिथे काइट न्यायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चुकतं ते काइट मांडायची जागा निवडताना. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, वारा वायव्येचा, म्हणजे तुमच्या हातून सुटलेली प्रत्येक गोष्ट आग्नेयेला, किनाऱ्याच्या कडेकडेने दक्षिणेकडे सरकणार. झेंड्यांच्या उत्तरेला शे-दीडशे पावलांवर काइट फुगवली तर ‘आपण पुरेसे लांब आहोत’ असं वाटतं. पण नवशिका वाऱ्यावर चढू शकत नाही, म्हणजे वारा येतो त्या बाजूला परत सरकू शकत नाही. दोन फेऱ्यांत तो नेमका पोहणाऱ्यांच्या अंगावर येतो. पहिल्या वर्षी मीही हेच केलं. काइट पाण्यात पडली, उठेना, आणि सुटलेला बोर्ड थेट कंबरभर पाण्यात खेळणाऱ्या पोरांजवळ जाऊन थांबला. जीवरक्षकाने शिट्टी मारून बाहेर काढलं आणि सामान गुंडाळायला लावलं. बरोबरच केलं त्याने.

म्हणून झेंड्यांच्या दक्षिणेला मांडा, म्हणजे वाहत गेलात तरी पुढे मोकळी वाळू असेल. मात्र मोरजीत फार खाली जाऊ नका. तिथे शापोरा नदीचं मुख आहे, आणि ओहोटीला तिथलं पाणी माणसाला बाहेर ओढतं.

अंतराचा अंदाजही असाच चुकतो. काइटच्या दोऱ्या साधारण 20 ते 24 मीटर लांब असतात. काइट उचलताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, दोन दोऱ्यांइतकी, म्हणजे जवळपास 50 मीटर जागा रिकामी हवी: माणूस नको, शॅकची छत्री नको, सुरूचं झाड नको. उधाणाच्या भरतीला आश्वेत वाळू इतकी आकसते की ही जागा उरतच नाही. मग भरती उतरेपर्यंत चहा प्यावा. ताणलेली दोरी म्हणजे काय, हे संक्रांतीच्या मांज्याने बोट कापून घेतलेल्यांना सांगायला नको.

सकाळी समुद्र गुळगुळीत दिसतो म्हणून मोहात पडणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. काइट बंद पडली तर तो तुम्हाला बाहेर घेऊन जातो, आणि वारा दुपारी फिरेपर्यंत वाट बघायची तयारी कुणाचीच नसते. सकाळी काइट बॅगेतच राहू द्या.

मोरजी आणि मांद्रे हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालायचे किनारे. 2011च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत त्यांची नावं आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. हिवाळ्यात वन खातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. ते कुंपण ओलांडणं तर दूरच, त्याच्या वाऱ्याकडच्या अंगालाही काइट मांडू नका. पडलेली काइट आणि ओढत जाणाऱ्या दोऱ्या त्या काठ्यांत अडकल्या तर सोडवायला आत शिरावं लागतं, आणि तिथेच पायाखाली घरटं असू शकतं.

रापण ओढणारे मच्छीमार दिसले तर सरळ बाहेर या. जाळ्याचा दोर किनाऱ्यापासून आत दूरवर जातो आणि पाण्याखाली दिसत नाही. ती त्यांची रोजी आहे. आपण तिथे हौसेने आलोय.

पाण्यात दोघं समोरासमोर आले तर काय? उजवा हात पुढे असलेल्याला वाट द्यायची, आणि किनाऱ्यावरून निघणाऱ्याला परतणाऱ्याच्या आधी जाऊ द्यायचं. वायव्येच्या वाऱ्यात इथे बाहेर निघणाऱ्याचाच उजवा हात पुढे असतो, त्यामुळे भांडायला जागाच नाही: परतत असाल तर तुम्ही वळा. वाऱ्याकडच्याने काइट वर ठेवायची, खालच्याने खाली, म्हणजे दोऱ्या गुंतत नाहीत.

सगळं नीट झालं तरी शेवटी उतरताना गडबड होते. डोक्यावर तळहात थोपटला की ‘काइट धरा’ ही खूण. ती कुणीतरी ओळखीच्या काइटबोर्डरने बघितली याची खात्री झाल्याशिवाय काइट खाली आणू नका. मदतीला धावलेल्या पर्यटकाला धरायला देऊ नका, तो हवा भरलेली कड सोडून कापड पकडतो. कुणीच नसेल तर पाण्यात असतानाच क्विक रिलीज (काइटचा ओढ तोडणारी सुटका-कळ) दाबा आणि लीशवर, म्हणजे अंगाला जोडलेल्या सुरक्षा-दोरीवर, काइट निपचित पडू द्या. वाळूवर आणल्यावर फुगलेली कड वाऱ्याकडे करून तिला पालथी घाला, कापडावर दोन ओंजळी ओली वाळू टाका, आणि दोऱ्या लगेच बारवर (हातात धरायच्या दांड्यावर) गुंडाळून घ्या. संध्याकाळच्या फेरीला निघालेल्यांना वाळूवरची दोरी दिसत नाही.