बोटीत गाणी वाजवायची तर आधी निगेटिव्हचा बंदोबस्त करा

ट्रॅक्टर, जीप, वऱ्हाडाचा टेम्पो यांचं टेपचं वायरिंग ज्याच्या हातात बसलंय, त्याला बोटीचं काम सोपं वाटतं, आणि घोळ तिथंच होतो. गाडीला लोखंडी बॉडी असते. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आवळला, अँपचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरचा, निगेटिव्ह जवळच्या बोल्टला लावला, झालं काम. बोट फायबरची. फायबरमधून करंट जात नाही. जितके पॉझिटिव्ह नेले तितकेच निगेटिव्ह, तितक्याच जाडीचे, पार बॅटरीपर्यंत परत आणावे लागतात. नांदेडात जुन्या मोंढ्याकडं माझं ऑटो वायरिंगचं दुकान आहे. विष्णुपुरीच्या पाण्यावरच्या, सिद्धेश्वर धरणाकडच्या फेरीच्या बोटींचं काम अधूनमधून येतं. मालक म्हणतो, "मिस्त्री, टेप खराब झाला." टेप बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

सामान घेताना पैसे कुठं घालायचे ते आधी ठरवा. स्पीकर आणि टेप पाण्याला टिकणारे घ्या, खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ असा पाण्या-धुळीला टिकण्याचा आकडा लिहिलेला असतो. शिंतोडे थेट येत नसतील तर आयपीएक्स ५ सुद्धा चालेल. पाण्यापेक्षा आपल्याकडं उन्हानं जास्त नुकसान होतं. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत उघड्या बोटीतला साधा कागदी कोनाचा स्पीकर कडक होऊन फाटतो. कोन प्लॅस्टिकचा आणि कड रबराची बघून घ्या. वायर कथील चढवलेल्या तांब्याची मिळाली तर तीच घ्या. आपलं पाणी गोडं आहे, समुद्राइतकं खात नाही, पण तळाशी साचलेल्या पाण्याची वाफ रोज वायरमध्ये शिरते आणि उघडं तांबं आतून काळं पडत जातं.

खोक्यावरच्या '१००० वॅट'ला भुलू नका. अँपवरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा असेल तर १२ व्होल्टला आत जाणारी ताकद ३६० वॅटच्या वर नाही, आणि साध्या अँपमध्ये त्यातली निम्मी उष्णतेत जाते. आठ-दहा माणसांच्या बोटीला चार चांगले स्पीकर आणि ५० वॅटचे चार चॅनल भरपूर झाले.

वायरची जाडी अंदाजानं ठरवू नका, हिशोब सोपा आहे. जायचं-यायचं मिळून लांबी मीटरमध्ये घ्या, तिला अँपिअरनं गुणा, मग ०.०१७५ नं गुणा आणि वायरच्या स्क्वेअर एमएमनं भागा. येतं ते वाटेत खाल्लेलं व्होल्टेज. बॅटरी मागं आणि अँप पुढच्या सीटखाली, म्हणजे पाच मीटर जायला, पाच यायला. २० अँपिअरला २.५ स्क्वेअरची वायर टाकली तर १.४ व्होल्ट वाटेतच गेले. ६ स्क्वेअरला ०.५८, १० स्क्वेअरला ०.३५. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा महत्त्वाच्या सर्किटसाठीचा नियम तीन टक्क्यांचा आहे, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६. आपण १० स्क्वेअर टाकून त्यात बसतो. पुढं तीन-चार मीटर वाढवायचं असेल तर सरळ १६ टाका. ऐन बेसच्या ठोक्याला अँप बंद पडतो तो याच कमी जाडीमुळं.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत. याच कौन्सिलचा हाही नियम. फ्यूज अँपसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. अँपजवळ बसवलेला फ्यूज मधल्या पाच मीटरला काय वाचवणार?

पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात फ्यूज, स्विच, रिले काही बसवायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसून राहते. कामाला हात लावण्याआधी सगळी झाकणं उघडून बोट मोकळी ठेवा, वास येतोय का बघा, मगच बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. जोडताना तो शेवटी.

बॅटरी दोन ठेवा, एक इंजिनची, एक गाण्याची, मध्ये सिलेक्टर स्विच. जमत नसेल तर निदान १२ व्होल्टला तोडणारा लो-व्होल्टेज कटआउट लावा. लहान आउटबोर्डचं चार्जिंग १०-१५ अँपिअरच्या आतच असतं, तेही इंजिन रेसवर असताना. मध्यावर इंजिन बंद करून तासभर लावण्या ऐकल्या की सेल्फ 'कट कट' करतो आणि वल्हं मारायची पाळी मालकावर येते. तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर बॅटरीला स्वतंत्र, स्वतःच्या फ्यूजवर असू द्या. त्या लाइनवर टेप चढवायचा नाही म्हणजे नाही.

आता निगेटिव्ह. बॅटरीजवळ पितळी पट्टी, म्हणजे बसबार बसवा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर तिच्यावर, आणि टेप, अँप, दिवे, चार्जर, सगळ्यांचे निगेटिव्ह वेगवेगळे त्या पट्टीवर आणा. वाटेत कुणाचा कुणाला जोडायचा नाही. एक बोट आली होती. आधीच्या मिस्त्रीनं गाडीच्या सवयीनं अँपचा निगेटिव्ह स्टीलच्या रेलिंगला आवळला होता. रेलिंगला जोडलेला होता फक्त पुढच्या दिव्याचा निगेटिव्ह, पाऊण स्क्वेअरची वायर. अँपचा सगळा करंट त्या काडीएवढ्या वायरीतून परत जात होता. ढोलकीची थाप पडली की दिवा मंद व्हायचा, वायर हाताला गरम लागायची, आणि फ्यूज जाड पॉझिटिव्हच्या मापाचा, तो कशाला उडतोय!

सांध्यांना पक्कड नको. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबायचं यंत्र आणा, नाहीतर दुकानातून दाबून घ्या. पक्कडीनं दाबलेली थिंबल वरून घट्ट दिसते, पण करवतीनं आडवी कापून बघा: तारांच्या मध्ये पोकळ्या दिसतात आणि त्यांत हिरवा गंज. नीट दाबलेल्या थिंबलीत तारा दिसतच नाहीत, सगळा एक गोळा असतो. नुसता सोल्डरचा डाग देऊनही भागत नाही, बोटीच्या थरथरीत वायर डागाच्या कडेला तुटते. दाबल्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करा, कडेनं गोंद बाहेर डोकावला पाहिजे. काळी टेप गुंडाळलेला सांधा मी बघतो तेव्हा आधी तोच कापतो.

टेपच्या मागच्या वायरी बहुतेक कंपन्यांत सारख्या: पिवळी कायमची, लाल स्विचवरची, काळी निगेटिव्ह, निळी-पांढरी अँप चालू करणारी. पांढरी जोडी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळ्या रेघेची ती मायनस. इथं मात्र एवढा वेळ सांगितलं त्याच्या उलट आहे. स्पीकरची मायनस वायर निगेटिव्ह पट्टीवर न्यायची नाही, आणि दोन स्पीकरच्या मायनस एकत्रही करायच्या नाहीत. आजकालच्या टेपमध्ये दोन्ही वायरींवर सहाएक व्होल्ट असतात. पट्टीला टेकवली की आतली आयसी गेली.

टेपकडून अँपकडं गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीएची वायर एका बाजूनं, पॉवरची दुसऱ्या बाजूनं. कुठं ओलांडावीच लागली तर काटकोनात. होकायंत्र असेल तर स्पीकर मीटरभर लांब.

बिघाड शोधताना आधी मीटर, मग पाना. बंद बॅटरीवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे संपली. ठीक असेल तर गाणं जोरात लावा. मीटरची लाल काडी अँपच्या निगेटिव्ह स्क्रूवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर. क्लॅम्पवर टेकवू नका, खुंटावरच. ०.२-०.३ पर्यंत चालेल. एक-दीड व्होल्ट दिसले तर काळी काडी तिथंच ठेवून लाल मागं सरकवत या: अँपची थिंबल, पट्टीचा स्क्रू, पट्टी, जाड वायर, क्लॅम्प. ज्या ठिकाणी आकडा एकदम पडतो, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष. अशीच फेरी पॉझिटिव्हवर मारा, फ्यूजचा होल्डरही पुष्कळ वेळा तिथं सापडतो.

इंजिनच्या रेसबरोबर 'कुंईं' वाढत असेल तर सगळ्यात आधी मोबाइलचा चार्जर उपटा. बऱ्याचदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर अँपच्या आरसीए पिना काढा. आवाज गेला तर दोष टेपकडून येतोय, टेपचा आणि अँपचा निगेटिव्ह एकाच पट्टीवर आहे का बघा. पिना काढूनही राहिला तर अँपच्या पॉवरच्या लाइनवर. पंप सुरू झाला की खरखर येत असेल तर ती मोटारच्या ब्रशची, वायरी लांब करा.

अँपचा बिघाड दाखवणारा लाल दिवा लागला तर सगळे स्पीकर काढा. दिवा गेला तर एकेक जोडत या. ज्याला पुन्हा लागेल त्या लाइनची वायर कुठंतरी टेकली आहे. मग त्या स्पीकरवर मीटर लावा: चार ओमचा असेल तर ३.२ ते ३.८ दाखवेल. काहीच नाही दाखवलं तर कॉइल गेली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, टक् आवाज आला तर स्पीकर जिवंत. स्पीकर काढल्यावरही दिवा तसाच असेल तर आधी व्होल्टेज, मग उष्णता बघा. सीटखाली कोंडलेला अँप दुपारी दोनला बंद पडतो आणि पाचला आपोआप चालू होतो, त्याला हवा द्या.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोटी ओढून शेडमध्ये ठेवतात. तेव्हा उंदीर वायरी कुरतडतात, तेही नेमकं सीटखालच्या वळणावर. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात सोडण्याआधी प्रत्येक वायर हातानं चाचपून घ्या. बॅटरी आत पडून राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा.

आवाजाचंही बघा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांतला नियम पाण्यावरही लागू आहे. जायकवाडी धरणाचा नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य. तिकडची बोट असेल तर मी अँप बसवून देत नाही. गाणीच पाहिजेत त्यानं टेपवरच दोन स्पीकर चालवावेत, बसलेल्या माणसांना तेवढं पुरतं.